डावे पावणेतीन

फोन आला तेव्हा मास्तर एका कोटाला बाही लावत होते. तोंडात तीन टाचण्या, त्यामुळे पहिलं वाक्य पलीकडच्या बाईंनीच बोलून टाकलं. "मी नेमबाजीच्या क्लबातून बोलतेय. तुमच्या मुलाचं कपाट आहे आमच्याकडे. रिकामं करायला हवं, पण आम्हाला कुणाला त्याला हात लावावासा वाटत नाही. तुम्ही याल का रविवारी?"

मास्तरांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. आपला मुलगा नेमबाजी करत होता, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मुलगा जाऊन चार महिने झाले होते. साधा ताप म्हणून त्याने अंगावर काढला. तापाचं विष रक्तात भिनलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. मास्तर दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. त्याच्या आधीची सात वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. मुलाने दुकानात बसायला नकार दिला, जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी धरली, इथून सगळं सुरू झालं. पण अबोला नोकरीमुळे आला नव्हता. तो आला एका वाक्यामुळे. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना मास्तर म्हणाले होते, "याला माणसाचं माप घेता येत नाही, हा जमिनीचं काय घेणार?" गिऱ्हाइकं हसली. मुलगाही थोडं हसला. मग त्याने गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवली आणि पायरी उतरला. संध्याकाळी मास्तरांनी घरी सांगून टाकलं की या घरात आता त्याचं नाव निघता कामा नये. मास्तरांचा शब्द घरात मोडला जात नसे.

रविवारी सकाळी निघताना बायकोने पाण्याची बाटली पिशवीत घातली. "कुठे" असं तिने विचारलं नाही. मास्तरांनीच सांगितलं. ती म्हणाली, "उन्हात फार वेळ उभे राहू नका," आणि दार लावून घेतलं.

शहर संपून बस बरीच पुढे गेल्यावर एक उघडं, सपाट माळरान लागलं. पलीकडे मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याची लांबट खोली, आणि मध्ये ठिकठिकाणी काठ्यांवर वाऱ्यात हलणारी लांब निशाणं. फोनवरच्या बाई दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ. आयुष्यभर शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नव्या माणसाला शिकवायचं काम त्यांच्याकडेच होतं.

कपाटात फार काही नव्हतं. एक जाड चटई. कानांवर लावायची टोपणं. एका हाताचा हातमोजा. कॅनव्हासचं, कोपरांना चामडं लावलेलं जाकीट. आणि पुठ्ठ्याची वही.

मास्तरांनी आधी जाकीट उचललं. हात आपोआप शिवणीवर फिरला. तयार घेतलेलं होतं. मुलाची छाती छत्तीस, जाकीट अडतीस. दोन्ही बगलांत कापड सैल पडत असणार. सैलपणा लपवायला त्याने बाहेरून एक पट्टा आवळून बांधला होता, आणि त्या पट्ट्याने कापड एका जागी घासून पांढरं पडलं होतं.

"हे घट्ट बसायला हवं ना?" त्यांनी विचारलं.

"कातडीसारखं," सिस्टर म्हणाल्या. "त्याला ते नेहमी त्रास द्यायचं. मी म्हणायचे, कुणाकडून तरी अल्टर करून घे."

अर्ध्या तासाचं काम होतं. दोन्ही कुशींची टीप उसवायची, इंच इंच आत घ्यायची, जाड सुई लावून पुन्हा मारायची. मास्तर जाकीट हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांना जे विचारायचं होतं, जे बसमध्ये सबंध रस्ताभर ओठांवर येऊन परत जात होतं, ते त्यांनी विचारलं. "तो घरचं काही बोलायचा का? आमच्याबद्दल?"

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. परिचारिकेच्या पेशात त्यांनी अशी उत्तरं पुष्कळ दिली असावीत. "नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत एकदाही नाही."

मास्तरांनी मान डोलावली, जणू कुणी सांगितलं होतं की शाईचा डाग निघणार नाही.

"वही मात्र मला तुम्हाला विचारल्याशिवाय ठेवता येत नाही," सिस्टर पुढे म्हणाल्या. "इथला वारा त्याच्याइतका कुणालाच वाचता आला नाही. शिकणाऱ्या पोरांना ती वही फार उपयोगी पडेल. पण अडचण अशी आहे, की तिच्यातले आकडे आम्हाला कळत नाहीत. बघा, आकड्यापुढे हे दंड. मला आधी वाटलं, चुकलेल्या गोळ्या मोजतोय. त्याला विचारलं तर म्हणायचा, 'सवय आहे.' एवढंच."

मास्तरांनी चष्मा चढवला. पानावर तारीख होती, ढगांबद्दल दोन शब्द, निशाणांचं छोटं चित्र, आणि खाली लिहिलं होतं: डावे दोन, आणि दोनाच्या पुढे तीन उभे दंड.

ते वही घेऊन बाकावर बसले.

दुकानातल्या मापांच्या वह्या अशाच लिहिलेल्या होत्या. पाव इंचाला एक दंड, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. मास्तर त्यांच्या वडिलांकडून शिकले होते आणि आता बाजारात दुसरं कुणी तसं लिहीत नव्हतं. मुलगा दहा वर्षांचा असताना शाळेतून आला की स्टुलावर बसून मापं उतरवून घ्यायचा. मास्तर टेप धरून ओरडायचे, "छाती अडतीस, दोन दंड! बाही तेवीस, एक दंड!" एखादा दंड चुकला की टपली बसायची.

"पावणेतीन," मास्तर म्हणाले. मग एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. "हे पावणेतीन आहे. हे सव्वा. हे साडेचार. काय मोजतो हा यात?"

सिस्टर त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. इथून लक्ष्य नऊशे वारांवर असतं. गोळी पोचायला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. वारा डावीकडून असला तर रायफलवरची दर्शी, म्हणजे नेम धरायचं भोक, आधीच डावीकडे सरकवून ठेवायची. एक आकडा सरकवला की तिकडे वीतभर फरक पडतो. पाव आकडा, तर तीन बोटं.

"नऊशे वार," मास्तर पुटपुटले. वार हा त्यांच्यासाठी कापडाचा शब्द होता. नऊशे वारांत अख्ख्या शाळेचे गणवेश निघाले असते.

"आज त्याची पाळी आहे," सिस्टर म्हणाल्या. "यादी वर्षाच्या सुरुवातीला लागते. त्याचं नाव आम्ही खोडलं नव्हतं, जागा रिकामी सोडत होतो. आज हंगामाचा शेवटचा दिवस. त्या जागेवर पालथे झोपून तुम्ही नेम धराल का? रायफल क्लबची देते. मी शेजारी असेन."

"मी? मी कधी बेचकीसुद्धा धरली नाही हो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस."

"डोळे कसे आहेत?"

"जवळचं गेलं. लांबचं अजून ठणठणीत आहे."

"इथे लांबचंच लागतं," सिस्टर म्हणाल्या.

पण नियम सगळ्यांना सारखा होता. गोळ्या झाडायच्या आधी दुसऱ्यांसाठी लक्ष्यं ओढायची. म्हणून मास्तर जीपमध्ये बसून पलीकडे गेले. मातीच्या बांधाआड काँक्रीटचा खोल चर होता. तिथे एक पेंटर त्यांचा जोडीदार झाला. आठवडाभर लोकांच्या भिंती रंगवायच्या आणि रविवारी इथे येऊन भोकं बुजवायची, असं त्याने स्वतःच हसत सांगितलं. लाकडी चौकटीवर ताणलेलं दहा फूट रुंद लक्ष्य दोघांनी दोर ओढून वर चढवलं. मग डोक्यावर चाबूक फुटावा तसा आवाज झाला. मास्तर खालीच बसले.

"गोळी गेली," पेंटर म्हणाला. "आता खाली ओढा."

कागदाला करंगळीएवढं भोक पडलं होतं. पेंटरने त्यात एक रंगीत चकती खोचली म्हणजे झाडणाऱ्याला लांबून दिसेल, आधीच्या भोकावर खळ लावून कागदाची टिकली चिकटवली आणि लक्ष्य पुन्हा वर पाठवलं. असं तासभर चाललं. मध्येच पेंटर न विचारताच म्हणाला, "तुमच्याबद्दल फार बोलायचा हो तो. इथेच बसायचा, माझ्या शेजारी. म्हणायचा, माझे बाबा असे, माझे बाबा तसे. लहानपणी खांद्यावर बसवून फिरवायचे म्हणे."

मास्तरांनी दोर सोडला नाही. मुलाने त्यांना आयुष्यात कधी बाबा म्हटलं नव्हतं. सगळं जग मास्तर म्हणायचं, तोही मास्तरच म्हणायचा. आणि खांद्यावर त्यांनी त्याला कधी बसवलं नव्हतं, खांद्यावर कायम कुणाचं तरी कापड असायचं.

"हो का," ते म्हणाले. "बरं वाटलं ऐकून."

पेंटर खूश होऊन खळीचा ब्रश ढवळू लागला. भला माणूस होता.

परत अलीकडे आल्यावर सिस्टरनी मुलाची चटई अंथरली होती. मास्तर आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग कसेबसे पोटावर आले. गुडघ्यांनी वाजायचं ते वाजून घेतलं. जाकीट त्यांना मात्र नेमकं बसलं. त्यांची छाती अडतीसच होती. सिस्टरनी डाव्या दंडावर चामड्याचा पट्टा चढवून करकचून आवळला आणि त्याचं टोक रायफलला अडकवलं.

"मुंग्या येतायत."

"येऊ देत. हात रायफल धरत नाही, पट्टा धरतो. गाल इथे टेकवा. काय दिसतंय?"

मागच्या बारीक भोकातून पुढची कडी दिसत होती, आणि कडीच्या पलीकडे, फार लांब, तरंगत्या हवेत एक काळा ठिपका. तो साडेतीन फुटांचा आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. टाचणीचं डोकं त्याहून मोठं दिसतं.

"काळा ठिपका कडीच्या बरोबर मध्ये घ्या."

"काजात बटण बसतं तसं?"

"अगदी तसं. आता श्वास अर्धा सोडा आणि थांबा. चाप ओढायचा नाही. दाबत दाबत जायचं. कधी उडाली हे तुमचं तुम्हालाही कळता कामा नये."

ढग आले होते आणि वाऱ्याने निशाणं डावीकडून अर्धी उचलली होती. सिस्टरनी स्वतःच्या अंदाजाने दर्शी डावे दोनवर ठेवली.

पहिल्या वेळी मास्तरांनी डोळे मिटले. खांद्याला धक्का बसला, कानांवर टोपणं असूनही आवाज छातीत घुमला, आणि लांबवर बांधाच्या मातीतून धुळीचा झोत उडाला. लक्ष्य जागचं हललंही नाही. "डोळे मिटलेत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "सगळे मिटतात. त्यानेही मिटले होते."

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मुलाबद्दल इतकी छोटी, इतकी खरी गोष्ट त्यांना कितीतरी वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या वेळी डोळे उघडे राहिले. लक्ष्य खाली गेलं. बराच वेळ वर आलं नाही. आलं तेव्हा चकती मधल्या वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे होती.

"चांगली आहे. माझाच वारा कमी पडला," सिस्टर म्हणाल्या. "आता त्याला विचारा."

मास्तरांनी चटईशेजारची वही ओढली. एका हाताला पट्टा होता, म्हणून बोट ओलं करून पानं उलटली. ढगाळ, निशाणं अर्धी, वारा डावीकडून. असा दिवस त्यांना चौदाव्या पानावर सापडला आणि पुढे आणखी दोनदा. तिन्ही ठिकाणी दोन आणि तीन दंड.

"डावे पावणेतीन," ते म्हणाले.

"लावा मग. तुम्हीच लावा. पाव आकड्याला एक टिचकी."

त्यांनी दर्शीची चकरी फिरवली. टिक, टिक, टिक. गाल टेकवला. बटण काजात आलं. श्वास अर्धा सोडला. मशीनच्या पायट्यावर पाय हळूहळू दाबावा तसं ते बोट दाबत गेले आणि रायफल आपली आपण उडाली.

लक्ष्य खाली गेलं. वर आलं. काळ्याच्या मधोमध चकती चमकत होती.

"पाच!" मागे बसलेला गुण लिहिणारा माणूस मोठ्याने म्हणाला. "पैकीच्या पैकी!" शेजारच्या चटईवरून कुणीतरी "वा मास्तर!" केलं. मास्तरांच्या तोंडून हसू फुटलं, लहान पोरासारखं. आणि हसता हसताच त्यांना वाटलं, हे आता त्याला सांगायला हवं, की तू बरोबर लिहिलं होतंस, एक दंड चुकला नाही.

ते सांगायला जगभरात कुणी नव्हतं.

कडी दिसेना. ठिपका दिसेना. पुढची सगळी जमीन पाण्याखाली गेल्यासारखी झाली. सिस्टरनी पुढे वाकून रायफलचा बोल्ट उघडला आणि भरून ठेवलेली पुढची गोळी बाहेर काढून घेतली. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "वेळ आहे आपल्याकडे." आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, मास्तरांकडे पाहावं लागू नये म्हणून.

चार गोळ्या उरल्या होत्या, त्या मास्तरांनी झाडल्या. तीन, चार, तीन, आणि शेवटच्या गोळीला दोन गुण. निघताना वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. वही सिस्टरकडे ठेवली. जाकीट घेऊन आले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बायकोने ताट वाढलं. मास्तर जेवता जेवता तुटक तुटक सांगत गेले. माळ कसा होता, चर कसा होता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पट्टा फार आवळला का हो? त्याच्या हाताला तर संध्याकाळपर्यंत मुंग्या यायच्या."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

तिने ताटाकडे पाहिलं. लपवायचा तिचा विचार दिसला नाही. थकून गेली असावी. "मंगळवारी तुम्ही कापड आणायला जायचात ना. तेव्हा मी त्याला फोन करायचे."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"सात वर्षं?" मास्तरांचा आवाज चढला आणि चढल्या जागीच बसला. "मला सांगितलं नाहीस."

"त्याचं नाव काढायचं नाही, म्हणाला होतात."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला. "माझ्याबद्दल काही विचारायचा?"

"विचारायचा. डोळे कसे आहेत, अजून रात्रीचं काळं कापड शिवतात का, कंबर धरते का. सुरुवातीला दर वेळी विचारायचा."

"सुरुवातीला?"

तिने पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले. "नंतर एकदा म्हणाला, आई, ते माझ्याबद्दल विचारतात का? मी हो म्हटलं. पुढच्या खेपेलाही हो म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, काय विचारतात ते सांग. मला पटकन काही सुचलं नाही हो. मी गप्प बसले. त्यानंतर त्याने तुमचा विषय काढला नाही."

बायको ताट उचलायला उठली, तसं मास्तरांनी तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं त्यांनी फारसं केलं नव्हतं.

"एक शब्द खोटा जोडायचा होतास," ते म्हणाले. "काहीही."

"मला तुमच्या तोंडचं बोलता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलताच कुठे."

ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणूनच ते अधिक लागलं. मास्तरांनी मनगट सोडलं नाही. "बस," ते म्हणाले. "मला सांग. तो काय काय म्हणायचा ते सगळं सांग. पहिल्या मंगळवारपासून."

"सगळं कुठलं आठवणार आता?"

"आठवेल तेवढं."

ती बसली. खरकटं ताट दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. थोडा वेळ तिने डोळे मिटून घेतले. "पहिल्या मंगळवारी," ती म्हणाली, "त्याने भाड्याची खोली घेतली होती. खिडकीला पडदा नव्हता. मला विचारत होता, की पडद्याचं कापड किती लागेल, माप कसं घ्यायचं. मी म्हटलं, तुला येतं की रे. तर म्हणाला, येतं, पण कुणीतरी सांगितलं की बरं वाटतं."

मास्तर ऐकत राहिले.